सॅक्स्टनचे थडगे

इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, टॅडकास्टर आणि शेरबर्न या दोन गावांच्या दरम्यान, सॅक्स्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. गावाच्या मध्यभागी ऑल सेंट्स हे जुने देऊळ, देवळाभोवती गवताने भरलेले आवार, आणि आवाराच्या उत्तरेच्या बाजूस, उघड्या आकाशाखाली, एक पेटीच्या आकाराचे दगडी थडगे. थडग्याच्या बाजूंवर ढाली कोरलेल्या आहेत. त्यांवर त्या घराण्याची खूण असलेले शिंपले दिसतात. कडेने लॅटिन भाषेतील एक लेख फिरविलेला आहे. साडेपाचशेहून अधिक वर्षांच्या पावसावाऱ्याने त्याची अक्षरे आता बहुतेक पुसली आहेत. परंतु ती वाचता येत होती तेव्हा ज्यांनी ती उतरून घेतली, त्यांच्यामुळे मजकूर आपणांस ठाऊक आहे.

मजकूर थोडक्यात असा : येथे रॅनल्फ, डेकर आणि गिल्सलंडचा लॉर्ड, खरा आणि शूर सरदार, निजला आहे, आपला राजा सहावा हेन्री याच्यासाठी लढताना, १४६१ साली मार्च महिन्याच्या २९ व्या दिवशी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, त्याला मरण आले, देव त्याच्या आत्म्यावर दया करो. ईस्टरच्या आधीच्या ज्या रविवारी ख्रिस्ती लोक हाती झावळ्या घेऊन देवळात जातात, तो हा झावळ्यांचा रविवार. त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. तेव्हा १४६१ साल सुरू होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते.

वरवर पाहता या मजकुरात विशेष काही नाही. अशा शेकडो थडग्यांवर असेच लिहिलेले असते. पण 'आपला राजा' या दोन शब्दांपाशी आम्ही थांबलो. कारण ज्या दिवशी हा मनुष्य पडला, त्याच्या पंचवीस दिवस आधी, ४ मार्च रोजी, लंडनमध्ये चौथ्या एडवर्डाने राजपद धारण केले होते. आणि ज्या लढाईत हा पडला ती एडवर्डानेच जिंकली. विजयी पक्षाच्या लेखी हेन्री हा राजा नव्हताच. त्याच वर्षी नोव्हेंबरात भरलेल्या पार्लमेंटने हेन्री, त्याचा बाप आणि त्याचा आजा हे तिघेही केवळ वस्तुस्थितीने राजे होते, हक्काने नव्हेत, असे ठरवून टाकले. पन्नासाठ वर्षांचा राज्यकारभार एका ठरावाने हक्काबाहेर गेला! तरीही त्याच राजाच्या राज्यात, त्याच्याच विजयभूमीला लागून असलेल्या देवळाच्या आवारात, हा दगड हेन्रीला राजा म्हणत उभा राहिला.

त्या पार्लमेंटने आणखी एक गोष्ट केली. पराभूत पक्षाच्या शंभराहून अधिक माणसांना एकाच कायद्याने राजद्रोही ठरविले. या प्रकारास तिकडे ॲटेंडर म्हणतात. त्यात खटला चालत नाही, साक्षीपुरावा होत नाही. कायद्यात नाव लिहिले की मनुष्य गुन्हेगार ठरला, त्याची जहागीर सरकारजमा झाली आणि त्याचे रक्तच दूषित झाले असे मानून मुलाबाळांचा वारसाही तुटला. मेलेल्या माणसासही यातून सुटका नव्हती. रॅनल्फ डेकर मरून आठ महिने होत आले होते. तरी त्याचे नाव यादीत आले. त्या कायद्यात लढाईचे स्थळ मोठ्या काटेकोरपणे नमूद केले आहे : शेरबर्न आणि टॅडकास्टर यांच्यामधील, सॅक्स्टनचे शेत आणि टाउटनचे शेत म्हणून ओळखले जाणारे रान. सरकारी दप्तराशी ज्यांचा जन्माचा संबंध आहे अशा आमच्या वाचकांस हा काटेकोरपणा परिचयाचा वाटेल. कागदात जागा अचूक लिहिलेली असते, तारीख अचूक लिहिलेली असते. माणसाचे काय झाले ते मात्र दुसरीकडे शोधावे लागते. म्हणून आम्ही कागद सोडून दगडाकडे वळलो.

हा रॅनल्फ कोण होता? इंग्लंडच्या अगदी वायव्य टोकाला, स्कॉटलंडच्या सरहद्दीवर, जुन्या रोमन तटाच्या आसऱ्याने गिल्सलंडची जहागीर पसरली होती. नावर्थचा किल्ला हे तिचे मुख्य ठाणे. पिढ्यान् पिढ्या डेकर घराण्याचे काम सरहद्द राखण्याचे. १४५८ साली रॅनल्फचे वडील टॉमस वारले. थोरला मुलगा आधीच गेला होता. त्याला एक मुलगी होती, जोन. आता वारसा धाकट्या मुलाचा की थोरल्याच्या मुलीचा? जोनचा नवरा सर रिचर्ड फाइन्स याला त्याच वर्षी लॉर्ड डेकर म्हणून मान्यता मिळाली, आणि इकडे रॅनल्फही स्वतःला लॉर्ड डेकर म्हणवीत राहिला. म्हणजे थडग्यावरील 'डेकर आणि गिल्सलंडचा लॉर्ड' हे शब्दसुद्धा निर्विवाद नाहीत. त्यांत पुतणीविरुद्धचा दावा आहे.

घरातली ही भांडणे थोडी बाजूस ठेवून मोठ्या भांडणाकडे पाहू. लँकेस्टर आणि यॉर्क या दोन शाखांच्या या युद्धास इंग्रजीत गुलाबांचे नाव मिळाले आहे; आमच्या मते त्यास मराठीतील 'भाऊबंदकी' हा एकच शब्द पुरेसा आहे. इंग्रज लेखक 'कझिन' या एका शब्दात सगळी नाती गुंडाळून मोकळे होतात आणि त्यामुळे या युद्धातील खरी बोच नजरेआड होते. आपल्या नात्यांच्या भाषेत मांडून पाहावे. वेस्टमर्लंडचा अर्ल राल्फ नेव्हिल याला दोन लग्नांपासून वीसहून अधिक मुले झाली. पहिल्या बायकोची मुलगी फिलिपा ही आपल्या रॅनल्फची आई. दुसऱ्या बायकोची धाकटी मुलगी सेसिली ही राजा एडवर्डाची आई. तेव्हा एडवर्ड हा रॅनल्फचा सावत्र मावसभाऊ. एडवर्डाच्या सैन्यातील तिरंदाजांचा नायक लॉर्ड फॉकनबर्ग हा सेसिलीचा सख्खा भाऊ, म्हणजे रॅनल्फचा सावत्र मामा. एडवर्डाला गादीवर बसविणारा वॉरिकचा अर्ल हा दुसऱ्या एका सावत्र मामाचा मुलगा. आणि रॅनल्फच्या बाजूने लढलेला नॉर्थंबरलंडचा अर्ल हेन्री पर्सी हाही नेव्हिलांच्याच एका मुलीचा मुलगा, म्हणजे त्याच्या समोर उभ्या असलेल्या एडवर्डाचा सख्खा मावसभाऊ. एका म्हाताऱ्याच्या नातवंडांनी टाउटनच्या पठारावर एकमेकांचे गळे कापले.

त्यापूर्वी तीन महिने, ३० डिसेंबर १४६० रोजी, वेकफील्ड येथे एडवर्डाचा बाप यॉर्कचा ड्यूक आणि सतरा वर्षांचा भाऊ एडमंड मारले गेले होते. ड्यूकच्या मुंडक्यावर कागदी मुकुट ठेवून ते यॉर्कच्या वेशीवर टांगण्यात आले. टाउटनला एडवर्ड आला तो ही वेस मनात घेऊन. त्याचे वय तेव्हा एकोणीस वर्षांना एक महिना कमी होते.

लढाईचे वर्णन अनेकांनी केले आहे. आम्ही फार लांबवीत नाही. आदल्या दिवशी फेरीब्रिजच्या पुलावर झटापट झाली आणि त्या दिवसाअखेर लँकेस्टर पक्षाचा लॉर्ड क्लिफर्ड मारला गेला. रविवारी सकाळी बर्फ पडत होते आणि वारा दक्षिणेकडून लँकेस्टरच्या तोंडावर येत होता. फॉकनबर्गने आपल्या तिरंदाजांकडून वाऱ्याच्या जोरावर बाण सोडविले आणि लगेच त्यांस मागे घेतले. समोरच्यांना बर्फामुळे दिसत नव्हते; त्यांनी उलट सोडलेले बाण अलीकडेच पडले. ते भाते जवळजवळ रिकामे करून बसले आणि मग त्यांचेच पडलेले बाण उचलून त्यांच्यावर सोडण्यात आले. हा तपशील सोळाव्या शतकातील इतिहासकार हॉल याने दिला आहे; त्याने तो पाऊणशेहून अधिक वर्षांनंतर लिहिला, तरी वाऱ्याचा आणि बाणांचा हिशेब पटण्याजोगा आहे. पुढे दिवसभर हातघाई चालली. नॉर्फोकच्या ड्यूकची ताजी फौज यॉर्क पक्षाच्या मदतीस आली तेव्हा लँकेस्टरची फळी मोडली. पळणाऱ्यांची वाट पश्चिमेकडील कॉक बेक नावाच्या ओढ्यात उतरत होती. ओढ्यात प्रेतांचा पूल झाला, असे सांगतात. तिकडे अशा उताराच्या एका कुरणास आजही 'रक्ताचे कुरण' म्हणतात. यॉर्क शहरात वाट पाहत बसलेले हेन्री आणि राणी मार्गारेट ही बातमी ऐकून स्कॉटलंडकडे निघून गेली.

रॅनल्फ कसा पडला? येथून दंतकथेचा प्रांत सुरू होतो. उत्तरेच्या बाजूचे एक शेत तिकडील लोक त्याच्या मृत्यूची जागा म्हणून दाखवितात. लढता लढता त्याला तहान लागली. शिरस्त्राण सोडून तो प्याला तोंडाला लावतो न लावतो तोच एका एल्डरच्या झाडावर लपलेल्या पोराने त्याच्यावर नेमका बाण मारला. या पोराच्या बापाला लॉर्ड डेकरने पूर्वी मारले होते. ही हकीकत १५८५ च्या सुमारास यॉर्कशायरमधील घराण्यांच्या वंशावळी तपासत फिरणाऱ्या ग्लोव्हर नावाच्या अधिकाऱ्याने टिपून ठेवली. ते झाड गावकरी ओळखून होते आणि थोड्याच वर्षांपूर्वी ते वठून गेले, असेही त्याने लिहिले आहे.

आता येथे आम्हांस एक शंका येते. आदल्या दिवशी मेलेल्या लॉर्ड क्लिफर्डची गोष्टही अशीच सांगतात. त्यानेही गळ्यावरचे चिलखत सैल केले होते आणि बाण नेमका गळ्यात बसला. क्लिफर्डवर कोवळ्या एडमंडच्या हत्येचा आरोप होता. डेकरवर कोण्या एका पोराच्या बापाच्या हत्येचा. दोन दिवसांत, दोनतीन मैलांच्या टापूत, दोन लॉर्ड, दोघांचेही चिलखत सैल, दोघांच्याही माथी जुन्या खुनाचे देणे. एका गोष्टीची सावली दुसरीवर पडली असावी, असे मानण्यास भरपूर जागा आहे. मात्र तहानेचा भाग आम्ही खोटा म्हणणार नाही. बंद शिरस्त्राणात, अंगावर लोखंड घालून तासन् तास लढणाऱ्यास बर्फातही तहान लागते, आणि प्यायचे तर तोंड उघडावेच लागते. पोराचा सूड मात्र लोकांनी आपल्या न्यायबुद्धीने जोडला असावा. एवढा मोठा मनुष्य उगाच मरतो हे गावास पटत नाही. त्याच्या मरणाला कारण लागते.

दुसरी दंतकथा अधिक चमत्कारिक आहे. लॉर्ड डेकरला त्याच्या घोड्यासह, घोड्यावर बसलेल्या स्थितीत, उभे पुरले, असे सॅक्स्टनचे लोक सांगत आले. शहाणेसुरते लोक यास हसत असत. पुढे १८६१ साली, म्हणजे लढाईस बरोबर चारशे वर्षे झाली असता, थडग्याला लागून दुसऱ्यासाठी खड्डा खणताना घोड्याची कवटी लागली आणि मानेचे मणके थडग्याच्या दिशेने जात असलेले दिसले, अशी नोंद आहे. हसणारे गप्प झाले. आमचे मत विचाराल तर, स्वार बसलेला अख्खा घोडा उभा मावेल एवढा खोल खड्डा, लढाईनंतर हजारो प्रेते उघड्यावर पडलेली असताना, कोणी खणला असेल हे आमच्या मनास पटत नाही. परंतु धन्याजवळ त्याचा घोडा पुरला असणे मुळीच अशक्य नाही. आणि देवळाच्या पवित्र मानलेल्या जमिनीत जनावर पुरले जाणे ही गोष्ट इतकी विलक्षण आहे की गावाने ती चारशे वर्षे विसरू नये यात नवल नाही. दंतकथेने घोड्यावर स्वार चढविला असेल. घोडा तिने कल्पिलेला दिसत नाही.

या दोन कथांच्या नादात एक साधी गोष्ट मात्र सहसा कोणी विचारीत नाही : हे थडगे बाहेर का? त्या काळात एवढ्या मोठ्या जहागीरदाराचे दफन देवळाच्या आत, शक्यतो वेदीजवळ, आणि तेही आपल्या मुलखातील आपल्या मठात होत असे. डेकरांचा असा मठ नावर्थजवळ लॅनरकॉस्ट येथे होता. रॅनल्फला तेथे कोणी नेले नाही. सॅक्स्टनच्या देवळातही नेले नाही. बाहेर, आणि तेही उत्तरेस, जी बाजू तिकडे दफनासाठी कमी पसंतीची समजत, त्या बाजूस त्याला जागा मिळाली. सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळी, देशभर जुन्या वस्तूंची टिपणे घेत फिरणारा जॉन लेलंड येथे आला होता. त्यालाही हे थडगे लॉर्डच्या मानाने साधेच वाटले. आमचा तर्क असा की, जिंकलेल्या राजाची फौज सभोवती असताना, राजद्रोही ठरू घातलेल्या माणसाचे प्रेत शंभर मैल उत्तरेस नेणे त्याच्या माणसांना शक्य नव्हते. जवळच्या देवळाच्या आवारात घाईने पुरणे एवढेच शक्य होते. ढाली, शिंपले आणि लेख हे सावकाश, सवड मिळाल्यावर आले असावेत. घाईने पुरलेल्या मनुष्यास पुढे मानाने झाकले, असा या दगडाचा आम्ही अर्थ लावतो.

ती सवड डेकर घराण्यास मिळाली हे निश्चित. रॅनल्फचा धाकटा भाऊ हम्फ्री यानेही पराभूत पक्षाची बाजू घेतली होती. परंतु त्याने पुढे राजा एडवर्डाशी जुळवून घेतले. १४७३ साली राजाने निवाडा करून भांडण मिटविले : नावर्थ आणि गिल्सलंड हम्फ्रीकडे, इतर बराच मुलूख जोन आणि तिच्या नवऱ्याकडे. तेव्हापासून उत्तरेचे डेकर आणि दक्षिणेचे डेकर अशी दोन घरे झाली. हम्फ्री पुन्हा सरहद्द राखू लागला, आता त्याच राजासाठी ज्याच्या तिरंदाजांनी त्याचा भाऊ मारला. यास कोणी स्वार्थ म्हणेल. आम्हांस तसे म्हणवत नाही. सरहद्दीवरच्या ठाण्यास लंडनमध्ये गादीवर कोण आहे याची वाट पाहत बसता येत नाही. स्कॉट स्वार रात्री येतातच.

आता मेलेल्यांच्या संख्येविषयी. लढाईनंतर लगेच लिहिलेल्या पत्रांत २८,००० हा आकडा येतो. पॅस्टन नावाच्या घराण्याचा जो प्रसिद्ध पत्रसंग्रह आहे, त्यातील ४ एप्रिल १४६१ च्या पत्रासोबतच्या यादीत तो आहे, आणि राजाच्या वंशचिन्हे ओळखणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो मोजून काढला असा खुलासाही आहे. सगळ्या इंग्लंडची लोकसंख्या तेव्हा वीस ते पंचवीस लाख. तीतून एका दिवसात २८,००० म्हणजे शंभरांतून एकाहून अधिक. त्याच काळातील दुसऱ्या एका बखरीत ९,००० एवढाच आकडा दिला आहे. आजचे अभ्यासक पहिला आकडा फुगविलेला मानतात, आणि आम्हांसही तसेच वाटते. वंशचिन्हे ओळखणारा अधिकारी ढाल पाहून सरदार मोजू शकतो. ज्याच्याजवळ ढालच नाही, ज्याचे कपडे रात्रीच कोणी काढून नेले, त्याला तो कसा मोजणार? मोठा गोल आकडा जिंकणाऱ्याच्या सोयीचा असतो, आणि पत्र लिहिणाऱ्यास तो ऐकून लिहावा लागतो.

पण आकडा नऊ हजार धरला तरी एक प्रश्न उरतोच. डेकरचे थडगे आहे. बाकीचे कोठे आहेत? सॅक्स्टनच्या उत्तरेस अर्ध्या मैलावर शेतांत पाच खड्डे होते आणि ते आपल्या काळीही दिसत होते, असे लेलंडने लिहून ठेवले. त्यांतील पुष्कळ हाडे काढून सॅक्स्टनच्या देवळाच्या आवारात आणून पुरली होती. एडवर्डाचा धाकटा भाऊ, टाउटनच्या वेळी आठ वर्षांचा असलेला रिचर्ड, पुढे तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला. त्याने मृतांसाठी टाउटन येथे प्रार्थनामंदिर बांधण्याचे काम चालू केले. १४८५ च्या ऑगस्टात तो स्वतः बॉसवर्थच्या रणात पडला आणि मंदिर अपुरे राहिले.

त्यानंतर पाचशे वर्षे ही माणसे मुकी होती. १९९६ साली टाउटन हॉल या वाड्यात मोटार ठेवण्यासाठी इमारत बांधताना मजुरांना जमिनीत हाडे लागली. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी खणले तेव्हा सुमारे सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशा उथळ खड्ड्यात सदतीस-अडतीस पुरुष एकमेकांवर दाटीवाटीने घातलेले सापडले. ब्रॅडफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी एकेका हाडाची तपासणी केली. वये सोळापासून पन्नासपर्यंत. तपासण्याजोग्या अठ्ठावीस कवट्यांपैकी सत्तावीस कवट्यांवर मरणसमयीचे घाव. एकेका डोक्यावर सरासरी चार. एकावर तर आठ. धड मात्र बहुतेकांचे पुष्कळसे शाबूत. म्हणजे या माणसांच्या डोक्यावर शिरस्त्राण राहिले नव्हते. ते पळताना टाकले, की पकडल्यावर काढून घेतले, हे ज्याने त्याने ठरवावे. मेलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा मारल्याच्या खुणाही त्यांत आहेत. काहींच्या हाडांवर जुने, भरून आलेले घाव होते. त्यांतील एकाच्या जबड्यावर पूर्वी बसलेला भयंकर वार इतका चांगला बरा झाला होता की कोणा कुशल हाताने त्याची शुश्रूषा केली असली पाहिजे. तो मनुष्य एकदा वाचला, बरा झाला, आणि पुन्हा लढावयास आला.

ते कोणत्या बाजूचे होते हे हाडांवरून सांगता येत नाही. पळणाऱ्यांवर असे घाव पडतात, म्हणून बहुधा पराभूत पक्षाचे, म्हणजे डेकरच्याच बाजूचे. डेकरचे शिरस्त्राण त्याने स्वतः उघडले, असे कथा सांगते. या सदतीस-अडतीस जणांच्या उघड्या डोक्यांची कथा कोणी सांगितली नाही. ग्लोव्हर त्यांच्या वंशावळी विचारीत फिरला नाही आणि पार्लमेंटने त्यांना राजद्रोही ठरविण्याचीही तसदी घेतली नाही. राजद्रोही ठरण्यास निदान जहागीर असावी लागते.

अभ्यास पुरा झाल्यावर ती हाडे सॅक्स्टनला आणून ऑल सेंट्स देवळाच्या आवारात विधिपूर्वक पुरण्यात आली. लेलंडच्या काळच्या पाच खड्ड्यांतील हाडे त्याच आवारात आहेत. लॉर्ड डेकरचे थडगेही तेथेच, देवळाच्या उत्तरेस आहे. हम्फ्री १४८५ साली वारला. त्याचे थडगे लॅनरकॉस्टच्या मठात, छपराखाली आहे, आणि त्यावरील शिंपले अजून स्पष्ट दिसतात.